काटा चाळीसवर होता

माझे वडील घड्याळजी होते. भिंग डोळ्याला लावून केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यानं बसवणं मी त्यांच्याकडेच शिकलो. पण पुढे लोक घड्याळ दुरुस्त करण्याऐवजी नवं घ्यायला लागले, आणि आमच्या चंद्रपुरात तर मोटारी वाढत चालल्या होत्या. कोळशाचे ट्रक, बांबूचे ट्रक, जंगलातल्या ठेकेदारांच्या जीपा. तेव्हा मी त्याच चिमट्यानं मोटारीचे मीटर उघडायला लागलो. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझी टपरी होती. इंजिनाचे मिस्त्री शहरात पन्नास असतील, मीटरवाला मी एकटा. 'रशीदभाई मीटरवाले' विचारलं की पानठेलेवालाही बोट दाखवायचा.

गिऱ्हाईकं तऱ्हेतऱ्हेची. गाडी विकायची म्हणून आकडे मागे फिरवून मागणारे तर दर हप्त्याला यायचे. मी त्यांना म्हणायचो, "घड्याळाचा काटा मागं नेल्यानं म्हातारा तरणा होते काय भाऊ?" ते रागावून जायचे. कुरखेड्याचे एक धानवाले सावकारी थाटाचे गृहस्थ आले होते. त्यांच्या गाडीचा मीटर कैक वर्षं बंद होता आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं. पण मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि त्यांना गाडीतून आणायचं होतं. म्हणाले, "बरोबर दाखवला नाई तरी चालन, फक्त काटा हालला पाह्यजे. मुर्दाड गाडी नको दिसाले." मी तो नीट दुरुस्त करून दिला. लग्न जमलं, पेढे आले. अशा गोष्टी सांगून मी दिवाळीच्या फराळाला बसलेल्यांना पुष्कळ हसवलेलं आहे. पण एक मीटर असा माझ्या हातात आला की त्याची गोष्ट मी घरीही फारशी सांगितली नाही. आता या गोष्टी लिहायला बसलो तर दुसरं काही सुचेना.

ती सांगण्याआधी मीटरचं थोडं सांगावं लागेल. मोटारीच्या गिअरबॉक्समधून एक तार निघते, सायकलच्या ब्रेकला असते तशी, नळीत बसवलेली. चाक फिरतं तशी ती तार स्वतःभोवती फिरते आणि वर मीटरमध्ये एका लोहचुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक तिला शिवत नाही, नुसता आपल्याबरोबर ओढतो. वाटीला मागे धरून ठेवायला घड्याळासारखी एक नाजूक स्प्रिंग, आणि वाटीच्या दांडीवर काटा. गाडी जोरात, तर ओढ जास्त, काटा वर. त्याच तारेवर खालचे किलोमीटरचे आकडेही फिरतात. एवढंच यंत्र.

म्हणजे मीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाणार हे कारखान्यानं चाकाच्या मापावरून आधीच धरलेलं असतं. बाप आणि पोरगं हात सोडून चालले, दोघांनी पावलं सारखीच टाकली, तर बाप पुढं निघून जातो. चाकाचंही तसंच. लहानाच्या जागी मोठं टायर घातलं तर फेरे तेवढेच होतात, पण गाडी जास्त पुढे जाते. मीटर बिचारा जुन्याच हिशेबानं सांगत राहतो. तो खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही.

आता देवरावची गोष्ट.

देवराव रामटेके मूल तालुक्यातला. एका बांबूच्या ठेकेदाराची जीप चालवायचा. ठेकेदाराला सगळे सेठ म्हणायचे, मीही तेच म्हणतो. सूरजागडच्या पहाडाकडे सेठचं बांबूतोडीचं काम होतं आणि चामोर्शीत डेपो होता. देवराव त्या दोन ठिकाणांमध्ये माणसं, रेशन, कुऱ्हाडी, कधी तापानं फणफणलेला मजूर, असं सगळं वाहायचा. उंच, सडपातळ माणूस. दारू नाही, विडी नाही. मीटरची केबल तुटली म्हणून दोनदा माझ्याकडे आला होता. चालत्या गाडीचा काटा मेला तर ड्रायव्हर लोक महिनोन्‌महिने तसेच हिंडतात. हा लगेच आला. मी कारण विचारलं तर म्हणाला, "माह्या उस्तादानं शिकवलं, वस्तीजवळ चाळीसच्या वर काटा जाऊ द्याचा नाई. काटाच नसन तं मी पाहू काय?"

तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला मीटर होता. तोंड उतरलेलं. "जय भीम रशीदभाई," म्हणाला आणि उभाच राहिला. बस म्हटलं तेव्हा बसला.

चामोर्शीच्या बाजाराच्या दिवशी त्याच्या जीपखाली एक पोरगी आली होती.

दुपार उतरत होती. बाजार करून लोक आपापल्या गावाला परतत होते. रस्त्याच्या कडेनं बैलगाड्यांची रांग. शेवटच्या गाडीत कौसल्याबाई नावाची बाई आणि तिची सात वर्षांची मुलगी मंदा. गाडीतून एक कोहळं घरंगळून रस्त्यावर पडलं. मंदा ते उचलायला मागून उतरली आणि कोहळ्यामागे धावली. देवरावनं उभं राहून ब्रेक पूर्ण दाबला. गाडी थांबली, पण पोरीला लागल्यावर थांबली.

अशा वेळी ड्रायव्हर पळून जातात. लोक मारतात म्हणून पळावंच लागतं. देवराव पळाला नाही. मायलेकींना जीपमध्ये घालून तो दवाखान्याकडे निघाला. वाटेतच पोरगी आईच्या मांडीवर गेली. मागे आई ओरडत होती, "जोरानं आणली रे तू गाडी, जोरानं आणली!" आणि हा पुढे पाहात म्हणत होता, "नाई बाई, काटा चाळीसवर होता." पोलिसांपुढेही त्यानं तेच सांगितलं. बाई म्हणाली जोरात होती, हा म्हणाला बाई खोटं बोलते.

खटला गडचिरोलीला चालू होता, देवराव जामिनावर होता. वकील सेठनं दिलेला. कौसल्याबाईची साक्ष झाली तेव्हा त्या वकिलानं तिला विचारलं, जीपमध्ये कधी बसली होतीस का? ती म्हणाली, पोरीला घेऊन बसली तेवढीच. चाळीस म्हणजे किती वेग, माहीत आहे? नाही. मग जोरात होती हे कशावरून सांगतेस? बाई म्हणाली, "माह्या डोळ्यानं." मागे बसलेले दोघंतिघं हसले. हे मला देवरावनंच सांगितलं. सांगताना तोही खाली पाहात होता.

वकिलाला आता माझ्याकडून एवढंच हवं होतं की मीटर बरोबर चालतो असं कोर्टात सांगावं. मी मीटर उघडला. चुंबक चांगला, स्प्रिंग चांगली. माझ्याजवळ तपासणीसाठी एक खात्रीचा मीटर होता. दोघांना एकाच विजेच्या मोटरीवर जोडून फिरवलं. दोन्ही काटे एकमेकांना धरून वर चढले आणि चाळीसवर सोबत उभे राहिले.

"बरोबर आहे देवराव," मी म्हणालो. "तुझा मीटर सोळा आणे बरोबर आहे."

तो माणूस माझ्या टपरीत ढसाढसा रडला. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून म्हणाला, "मले वाटे का मीच पागल झालो. ते बाई रोज डोळ्यापुढं येते. पण काटा चाळीसवर होता तं मी अजून काय करू शकत होतो भाऊ? एक गाडीभर जागा, जीपच्या लांबीएवढी, कमी पडली. अजून एक गाडीभर रस्ता भेटला असता तं पोरगी वाचली असती. आता ते काही माह्या हातात होतं काय?"

"नव्हतं," मी म्हणालो. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

मीटर परत बसवायचं काम मी दुसऱ्याच्या हाती देत नसे. केबलची चकती तिरपी आवळली की पंधरा दिवसांत तार तुटते. म्हणून मी त्याच्याबरोबर चामोर्शीला गेलो. पोलिसांनी तपासून जीप सेठच्या ताब्यात परत दिली होती आणि ती डेपोत बांबूच्या थप्पीआड उभी होती. देवराव त्या दिवसापासून तिच्यात बसला नव्हता. मी मीटर बसवायला खाली वाकलो आणि चाकाकडे पाहिलं.

टायरं मोठी होती. जीपला कारखान्यातून येतात त्याहून चांगली बोटभर रुंद आणि उंच. मडगार्डच्या आत घासून चकाकी आलेली दिसत होती.

"हे कधी बसवले?"

"उन्हाळ्यात," देवराव म्हणाला. "पहाडाच्या रस्त्यानं गोट्यावर गाडी खालून घासे. सेठनं कुठून तरी जुने मोठे टायर आणले. गाडी उंच झाली, पण जड वाटते. पहिल्यावानी ओढत नाई. मी सेठले सांगतलं, तं म्हणे चालव."

मी मीटरची चकती आवळली. म्हणालो, मीटर चालतो का पाहायला एक चक्कर मारून येतो, तू थांब. तो म्हणाला, "मी येतो." मी दोनदा नको म्हटलं. पण तो बाजूच्या सीटवर बसला आणि दार लावून घेतलं. आजही मला वाटतं, तेव्हा काहीतरी निमित्त काढून त्याला खाली उतरवायला हवं होतं. पण निमित्त सुचलं नाही.

रस्त्यावर किलोमीटरचे दगड होते. एका दगडाशी मी गाडी उभी केली, मीटरचा आकडा मनात धरला आणि निघालो. मला वाटलं हा बाहेर पाहात बसेल. पण देवराव काही खुळा नव्हता. माझी नजर दगडाकडे आणि मीटरकडे जाते हे त्यानं पाहिलं आणि तोच दगड मोजायला लागला. एक. दोन. तीन. आवाज सरळ, सपाट. धानाच्या बांध्या, भाताची खाचरं, मागे जात होत्या. नववा दगड आला तेव्हा मी गाडी कडेला घेतली.

"मीटर किती सांगते?" त्यानं विचारलं.

"आठ."

त्यानं वाकून तो आकडा स्वतः वाचला. मग म्हणाला, "मंग चाळीस म्हंजे?"

"पंचेचाळीस."

"पाचच ना?"

"पाचच," मी म्हणालो. पण तो माझ्याकडे पाहात होता, आणि ड्रायव्हरला मी काय फसवणार? वेग जेवढा वाढतो त्याच्या दुपटीनं गाडी थांबायला जागा जास्त लागते, हे त्याचं पोट भरणाऱ्या धंद्यातलं ज्ञान होतं. त्यात मोठ्या चाकाला ब्रेकही कमी पकडतो.

"थांबाले किती जास्त लागत असन?"

"ते कोण सांगणार देवराव? रस्ता कसा, ब्रेक कसे..."

"अंदाजानं सांगा."

"पाचेक पावलं," मी म्हणालो. "थोडं कमीजास्त."

तो खाली उतरला. जीपच्या मागच्या टोकापासून पावलं मोजत पुढे आला. पाचव्या पावलाला बोनटपाशी थांबला. तिथे त्यानं हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. एक सायकलवाला गेला, एक म्हशीवाला गेला. शेवटी तो परत येऊन बसला. म्हणाला, "चला भाऊ."

वाटेत त्यानं एकच वाक्य म्हटलं. "म्या त्या बाईले खोटी म्हटलं."

मी वकिलाला भेटून टायरचं सांगितलं. वकील हुशार माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुम्ही मीटरवाले ना? मीटर बरोबर आहे ना? मग विचारलं तेवढंच सांगा. टायरचा विषय काढलात तर हा जातो आत, चाळीसच्या वर होता हे आपणच कबूल केल्यासारखं होईल. देवरावचं भलं हवं आहे ना तुम्हाला?" त्याचं बोलणं खोडून काढण्यासारखं नव्हतं. दोन दिवसांनी कळलं की सेठनं जीपची टायरं बदलून पुन्हा कारखान्याच्या मापाची घातली. मोठी टायरं कुठे गेली, कुणाला ठाऊक.

साक्षीच्या दिवशी मी ठरवून गेलो नव्हतो. खरं सांगतो, काय करायचं ते मला कळतच नव्हतं. कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही चहा घेतला तेव्हा देवरावनं फक्त विचारलं, "ते बाई आली काय?" आली होती. नवऱ्याबरोबर भिंतीला टेकून बसली होती.

मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिलो. वकिलानं विचारलं, मीटर तुम्ही तपासला का? हो. बरोबर आहे का? बरोबर आहे. तपासायला चाळीसवर नेला तेव्हा चाळीसच दाखवत होता का? हो साहेब, चाळीसच. वकील खाली बसला. सरकारी वकिलानं माझं शिक्षण विचारलं, धंदा किती वर्षांचा ते विचारलं, आणि तोही बसला. मी उतरायला वळलो.

तेवढ्यात देवराव बोलला. आरोपीच्या जागेवरून, हात जोडून.

"साहेब, त्यायले चाकाचं विचारा."

वकील झटकन उठला, काहीतरी म्हणायला लागला. न्यायाधीशांनी त्याला हातानं थांबवलं. "कसलं चाक?"

"मोठं चाक होतं साहेब. त्यायले माहीत आहे. त्यायनं मोजलं, म्या बी मोजलं. विचारा त्यायले."

मग मी सांगितलं. बाप आणि पोरग्याचं, दगडांचं, आठाचं आणि नवाचं. न्यायाधीश लिहीत होते. माझं झाल्यावर त्यांनी देवरावला विचारलं, आणखी काही सांगायचंय?

"बाई खरं बोलत होती," देवराव म्हणाला. "मी बी खरंच बोलत होतो साहेब, पण मी काट्याचं बोलत होतो. बाईनं गाडी पाह्यली होती."

कौसल्याबाईला हे सगळं धड समजलं नसावं. तिच्या नवऱ्यानं तिच्या कानाशी लागून सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "मंग हासले काऊन मले?" हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

देवरावला शिक्षा झाली. स्वतःहून खरं सांगितलं म्हणून ती कमी दिली, असं वकील बाहेर म्हणाला. सेठला काही झालं नाही. जीप पुन्हा तपासली तेव्हा चारी चाकांत बरोबर मापाची टायरं होती, आणि मोठी टायरं होती हे सांगणारे दोनच, एक आरोपी आणि एक मीटरवाला. सेठनं दुसरा ड्रायव्हर ठेवला. वकिलानं त्यानंतर मला कधी ओळख दिली नाही, आणि सेठच्या ओळखीतल्या ठेकेदारांच्या गाड्याही माझ्या गल्लीत यायच्या थांबल्या. त्याचं मला वाईट वाटलं असं म्हणवत नाही. वाईट वाटायला त्याहून मोठं कारण होतं. माझ्या टपरीत रडून तो माणूस हलका झाला होता. बाप्पा, काटा चाळीसवर होता, मी काय करू शकत होतो, एवढ्या आधारावर तो बाकीचं आयुष्य काढू शकला असता. तो आधार त्याच्यादेखत नवव्या दगडाशी गळून पडला, आणि स्टिअरिंग माझ्या हातात होतं.

त्या दिवसानंतर माझ्याकडे मीटर घेऊन कुणीही आला की मी आधी त्याच्या गाडीची चाकं पाहायला जात असे. लोक हसायचे. म्हणायचे, रशीदभाई, मीटर इथं आहे, तुम्ही खाली काय पाहून राह्यले?

सुटून आल्यावर देवराव माझ्याकडे आला. अंग उतरलं होतं, केस पिकायला लागले होते. बायको माहेरी निघून गेली होती. मी त्याच्यासाठी एका ट्रकमालकाकडे शब्द टाकला होता, पण त्यानं मान हलवली. लायसन्स परत मिळालं तरी गाडीला हात लावणार नाही म्हणाला. लाकडाच्या डेपोत हमाली धरली होती.

"एक काम होतं भाऊ," तो म्हणाला. "मले त्या बाईच्या घरी जाचं आहे. एकटा जाऊ शकत नाई. येता काय?"

आम्ही एसटीनं गेलो. तिचं गाव चामोर्शीच्या पुढे, रस्त्यापासून जरा आत. धान कापून झालं होतं, बांध्यांत नुसते खुंट उरले होते. कौसल्याबाई अंगणात सूप घेऊन बसली होती. आम्हाला पाहून तिनं सूप खाली ठेवलं. ओळखलं, पण उठली नाही. आम्ही अंगणाच्या काट्यांच्या कुंपणाबाहेर उभे राहिलो.

देवरावनं हात जोडले. त्यानं वाटेत काय बोलायचं ते घोकलं असावं, पण आता तो जमिनीकडे पाहात होता. मीच म्हणालो, "बाई, हा देवराव. तुमच्याकडे..."

"माहीत आहे मले," ती म्हणाली.

एक कोंबडी सुपातलं टिपायला आली. तिनं तिला हाकललं. देवरावकडे पाहात म्हणाली, "तू लबाड नाई, हे मले कोर्टात समजलं. आमच्या घरच्यायलेबी मी सांगतलं, तो लबाड नाई म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "पण माह्या अंगणात येऊ नको बाबू. मले सोसत नाई."

देवरावनं मान डोलावली. आम्ही वळलो आणि शेतांमधल्या वाटेनं सडकेकडे चालायला लागलो. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होतो. माझ्या मनात होतं, उगीच आणलं याला, आता हा कोसळणार. सडक दिसायला लागली तेव्हा तो थांबला.

"बोलली ना भाऊ माह्यासंगं?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो. "बोलली."